फोन एका कंपनीचा, बड्स दुसऱ्या कंपनीचे: या चुका टाळा

परभणीत माझं मोबाईलच्या सामानाचं छोटं दुकान आहे. दिवाळीच्या आसपास, सोयाबीनची मळणी आटोपली की हातात बिनवायरच्या इअरबड्सची चार्जिंगची डबी धरून माणसं यायला लागतात. मागच्या हंगामात जिंतूरकडचे एक मामा आले. "भाऊ, कालपर्यंत चांगलं चालायलं होतं, आज उजव्या कानातनं आवाजच येईना गेलाय. बदलून द्या."

डबी उघडून मोबाईलचा टॉर्च मारला. उजव्या खाचेत तळाशी दोन पितळी टाचण्या असतात, त्यांवर काळपट चिकट थर बसला होता. घाम, कानातला मळ आणि मळणीचा भुस्सा, सगळं एकत्र. त्यामुळे तो बड डबीत बसायचा खरा, पण चार्ज व्हायचाच नाही. कोरड्या कापसाच्या काडीने टाचण्या आणि बडचे टोक पुसले आणि अर्धा तास डबीत ठेवला. आवाज आला. मामांचा मात्र विश्वास बसेना, त्यांनी अजून दोन गाणी वाजवून बघितली.

सांगायचा मुद्दा, एक कान बंद पडला की बड खराब झाला असं धरू नका. आधी टाचण्या पुसा. कपाशी वेचताना किंवा जिनिंगमध्ये काम करताना डबी खिशात असेल, तर रुईचे तंतू खाचेत हमखास जातात. पाणी, सॅनिटायझर किंवा सुई यांतलं काही आत घालू नका. बड्सवर आयपीएक्स ४ लिहिलेलं असलं तरी ते बडला उडणाऱ्या पाण्यापुरतं असतं. डबीला ते बहुधा लागू नसतं.

पुसूनही भागलं नाही, तर गडबड बहुधा जोडणीत असते.

घरात एकच जोडी आणि फोन तीन. बड्स डबीतून काढले की सहसा आधीच्या फोनकडे धावतात. तुम्ही अंगणात गाणं लावता आणि आवाज आत लेकीच्या फोनवर चाललेल्या लेक्चरचा येतो. लोक आपल्याच फोनमध्ये पुन्हा पुन्हा 'पेअर' दाबत बसतात. त्या दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ आधी बंद करा. कायमचं निस्तरायचं असेल तर सगळ्या फोनमधून त्या बड्सचं नाव 'फरगेट' करा, दोन्ही बड डबीत ठेवून रिसेट मारा आणि मग नव्याने जोडा. रिसेटची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. कुणाचं बटण डबीवर असतं, कुणाला बडवरच बोट दाबून धरावं लागतं. म्हणून खोक्यातलं ते घडी घातलेलं कागद फेकू नका. यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या आणि तुम्ही दोन्हींवर टिचकी मारली, तर दोन कान दोन वेगळी साधनं समजून जोडले जातात आणि गाणं एकाच कानात वाजतं. तिथेही औषध हेच.

जोडलेलं दिसतंय, पण गाण्याचा आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येतोय? ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावापुढच्या चाकावर जा. 'मीडिया ऑडिओ' बंद पडलेलं असेल.

आता कंपन्यांच्या भिंतींबद्दल. ॲपलचे एअरपॉड्स अँड्रॉइडवर चालतात, पण साध्या ब्लूटूथ बड्ससारखे. बॅटरी किती उरली हे फोन नीट दाखवत नाही, कानातून काढल्यावर गाणं आपोआप थांबत नाही आणि त्यांचं अपडेट यायला ॲपलचंच एखादं साधन जवळ लागतं. उलट बाजूने, सॅमसंगच्या गॅलेक्सी बड्स २ प्रोसाठी आयफोनवर ॲप नाही. आवाज येईल, बाकीच्या करामती विसरा. माझं मत विचाराल तर अँड्रॉइड फोनसाठी इतके पैसे घालून एअरपॉड्स घेऊ नयेत. भाऊबंदकीत कुणी आखातातून आणून दिले असतील तर गोष्ट वेगळी.

तसंच 'एलडॅक'चं, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यानिशी पाठवायच्या पद्धतीचं. खोक्यावर हे नाव बघून आयफोनवाले खूश होतात, पण आयफोनला फक्त एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धती येतात. अँड्रॉइडमध्ये एलडॅक ८.० पासून आहे आणि त्याचे तीन वेग आहेत: सेकंदाला ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट. ९९० वर ठेवून फोन मागच्या खिशात घातला, तर स्टँडच्या गर्दीत गाणं तुटणारच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाचं शरीर शोषून घेतं. फोन पुढच्या खिशात घ्या किंवा एलडॅक बंद करा.

फोन आला की आवाज विहिरीतून आल्यासारखा का होतो, हेही सारखं विचारतात. माईक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून कॉलची वाट धरतं आणि त्या वाटेवर आवाज एकपदरी आणि कमी दर्जाचा असतो. गेम खेळताना बोलायचा माईक चालू ठेवला की हेच होतं. बड्स बदलून सहसा फरक पडत नाही. गेममध्ये गोळीचा आवाज उशिरा येत असेल, तर बड्सचा 'गेम मोड' लावा.

चार्जिंगचा घोळ मात्र खास आहे. नव्या फोनच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने डबी चार्जच होत नाही, ही तक्रार आठवड्याला एक तरी येते. दोष चार्जरचा नसतो. डबीच्या टाइप-सी पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (विजेला अडवणारे बारके भाग) असायला हवेत. ते दिसल्याशिवाय सी-टू-सी चार्जर वीज सोडतच नाही. स्वस्त डबीत ते वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने लावा, ती सरळ पाच व्होल्ट देते. मी अशा डब्या परत घेण्याआधी गिऱ्हाइकासमोरच जुनी केबल लावून दाखवतो.

मे महिन्यात इथला पारा ४२-४३ च्या पुढे जातो. तेव्हा गाडीच्या डिकीत तापलेली डबी घरी आणून लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. आधी सावलीत गार होऊ द्या.

एक बड हरवला तर दुसऱ्या मॉडेलचा सुटा बड आणून जोडायला जाऊ नका, तो डबीत बसतच नाही आणि उरलेल्या बडशी त्याची गाठही पडत नाही. पाथरीकडच्या एका काकांचा डावा बड ज्वारीच्या कडब्यात गेला. उरलेला उजवा त्यांच्या फोनला नीट जोडून दिला, बहुतेक बड्स एकेकटेही चालतात. "बरंच झालं," म्हणाले, "डावा कान म्हशीकडं मोकळा ऱ्हातोय."