टुंड्राला निघालेले पाहुणे एप्रिलमध्ये असे बघा

थंडीत सगळे फ्लेमिंगोसाठी उजनीला पळतात, जावंच, पण माझं ऐकाल तर एप्रिलच्या दोन-तीन सकाळी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावासाठी राखून ठेवा. तलवार, थापट्या वगैरे बदकं तोवर बहुतेक गेलेली असतात, पण पाणी उतरून चिखल उघडा पडलेला असतो आणि त्यात छोटा टिलवा असतो. जेमतेम २५-३० ग्रॅमचा पक्षी, थंडीभर राखाडी, आणि आता निघायच्या तोंडावर पाठीवर मस्त तांबूस रंग चढायला लागलेला. हाच रंग घेऊन तो सायबेरियाच्या टुंड्रावर उतरतो.

उजाडायच्या आत पोचा. नऊनंतर ऊन असं तापतंय की चिखलावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून पायाचा रंगसुद्धा कळत नाही. पूर्वेच्या काठाला बसा, सूर्य पाठीशी राहतो. आणि बसा म्हणजे खरंच खाली बसा, पक्ष्यांच्या मागे मागे चालत गेलात तर सगळा थवा उडणार, गप्प बसलात तर पंधरा-वीस मिनिटांत तेच चरत चरत तुमच्याकडे येतात. आता पाय बघा. काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळट-हिरवट असतील तर त्याचाच भाऊबंद टेमिंक्स स्टिंट. चोच मारायची पद्धतपण वेगळी, छोटा टिलवा शिलाई मशीनच्या सुईसारखा टकाटक, टेमिंक्स हळूहळू सरपटल्यासारखा.

जूनमध्ये तिकडं टुंड्रावर बर्फ वितळतो, सूर्य मावळतच नाही, गवतातल्या खळग्यात बहुतेक चार अंडी. टिलव्याची मादी कित्येकदा दोनदा अंडी घालते, एक घरटं नर उबवतो, दुसरं ती स्वतः, म्हणजे छोट्याशा उन्हाळ्यात दोन घरटी! कधी टुंड्रावर जायचा योग आलाच तर एक लक्षात ठेवा, पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यासमोर पळायला लागला की घरटं नाहीतर पिल्लं जवळच आहेत. तिथंच थांबा, खाली बघत आल्या पावली मागे फिरा. फोटोसाठी घरटं शोधू नका, कृपा करून.

मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत चिखलावर जा. पाठीवर दोन पांढऱ्या रेघांचा ठळक व्ही दिसला की ते याच वर्षीचं पिल्लू, महिना-दोन महिन्यांपूर्वी टुंड्रावर अंड्यातून निघालेलं.