सोयाबीनचा भाव सांगणाऱ्या ॲपला माइक कशाला पाहिजे?

परवा लातूरच्या मोंढ्यात उभ्या उभ्या भावाचं एक ॲप टाकलं तर ते लगेच कॉन्टॅक्ट मागायलंय, माइक मागायलंय, अरे भाव सांग ना बाबा! तर टाकायच्या आधी प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर 'डेटा सेफ्टी', म्हणजे ॲप तुमची कोणती माहिती घेतंय ते सांगणारा भाग, बघा, 2022 पासून आहे, पण ते डेव्हलपरनंच भरलेलं असतंय, म्हणून डोळे झाकून विश्वास नको. मग सेटिंग, ॲप्स, त्या ॲपचं नाव, परमिशन, अन् नको ते बंद. लोकेशन फक्त ॲप वापरतानाच द्या, अँड्रॉइड 12 पासून अचूक लोकेशनही बंद ठेवता येतंय, भावासाठी जिल्हा कळला तरी बास. एवढ्यावर ॲप रुसलंच तर सरळ काढून टाका, आडत्याला फोन लावला तरी भाव कळतोय.