फुलांच्या जागी फुल्या

बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं होतं, त्यात राहायला साताऱ्यात. कासचं पठार घरापासून पंचवीसेक किलोमीटर. सप्टेंबर लागला की भावाच्या स्कूटरवर मागे बसायचं, काकांचा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि निघायचं. फोटो साठत गेले तशी त्यांची स्वतःची वेबसाइट करायची टूम डोक्यात आली. साल २००८. क्लास लावून ड्रीमविव्हर हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर शिकले. पान सजवायचं कसं ते तिथं शिकवलं, पण फाइली ठेवायच्या कुठे आणि सर्व्हरवर, म्हणजे साइट जगाला दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर, चढवायच्या कशा यावर अवाक्षर नाही. पुढे वेबसाइटी करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. आता हाताखाली नवी मुलं येतात, तीही नेमकी तिथंच अडखळतात.

पहिल्यांदा साइट चढवली आणि पुण्याच्या मावसबहिणीला फोन लावला.

"अगं, मजकूर मस्त आलाय. पण फुलं कुठायत? नुसत्या चौकटी, आणि त्यात लाल फुल्या!"

माझ्या पडद्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, सगळं जागच्या जागी. दोन दिवस मी तिच्याच कॉम्प्युटरला दोष देत होते. मग पानाचा कोड उघडून पाहिला. फोटोच्या पत्त्यात माझ्या घरच्या कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह आणि 'काकाचे फोटो' हे फोल्डर! पान सेव्ह करायच्या आधीच मी त्यात फोटो टाकले होते, त्यामुळे सॉफ्टवेअरनं पूर्ण पत्ता लिहून ठेवला. माझ्या मशीनला तो पत्ता सापडायचा, पुण्यातल्या मशीनला कसा सापडणार?

म्हणून पान उघडायच्या आधी एक रिकामं फोल्डर करा आणि 'साइट' मेनूतून 'न्यू साइट' करून तेच फोल्डर साइटचं मूळ म्हणून नोंदवा. त्याच्या पोटात फोटोंसाठी वेगळं फोल्डर. बाहेरचा फोटो पानात टाकायला गेलात की ड्रीमविव्हर विचारतं, ही फाइल साइटच्या फोल्डरबाहेर आहे, आत कॉपी करू का? 'हो' म्हणा. पुढे फाइलींची नावं किंवा जागा बदलायच्या तर त्याही सॉफ्टवेअरच्या फाइल्स पॅनलमधूनच बदला, म्हणजे इतर पानांतल्या लिंका तेच दुरुस्त करून देतं. विंडोजच्या खिडकीतून परस्पर बदललंत तर लिंका तुटल्याच समजा.

नावांचा एक नियम मी नव्या मुलांकडून पाठ करून घेते: सगळी अक्षरं छोट्या लिपीतली इंग्रजी, मध्ये मोकळी जागा नाही, शब्द जोडायला आडवी रेघ. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचं सोयरसुतक नसतं. बहुतेक होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्यानं घेतलेली सर्व्हरवरची जागा, लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर चालतं आणि तिला असतं. कॅमेरा फाइलीच्या शेवटी 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत लावतो, तुम्ही कोडमध्ये लहान लिहिता, की परत फुल्या. पहिल्या पानाचं नाव मात्र 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असंच हवं. मी हौसेनं 'कास' ठेवलं होतं, तर साइटचा पत्ता टाकल्यावर लोकांना फाइलींची यादी दिसायची. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत टंका आणि पानाचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला गिचमिड दिसतं.

आता चढवणं. हे काम एफटीपीनं होतं, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीनं. त्याचा पहिला आराखडा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले. त्या काळात नेटवर्कवर मोजकीच माणसं, त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. तेव्हा होस्टिंगवाले एसएफटीपी, म्हणजे पासवर्ड झाकून नेणारी पद्धत, देत असतील तर तेच घ्या. जोडणी करताना पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर विचारतात: त्याचा २२, साध्याचा २१. क्रोम आणि फायरफॉक्सनं २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं, त्यामुळे ब्राउझरमधून फाइली बघायच्या फंदात पडू नका. ड्रीमविव्हर नसेल तर फाइली चढवायला फाइलझिला हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बऱ्याच होस्टिंगवर फाइली 'पब्लिक एचटीएमएल' नावाच्या फोल्डरात जाव्या लागतात. त्याच्या बाहेर टाकलेलं जगाला दिसत नाही.

ड्रीमविव्हरमध्ये 'पुट' म्हणजे इथून सर्व्हरवर, 'गेट' म्हणजे तिथून इथं. 'पुट' केल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, पानाला लागणाऱ्या फाइलीही पाठवू का? पहिल्यांदा 'हो'. नंतर एखादी वेलांटी दुरुस्त केली असेल तर 'नाही', नाहीतर सगळे फोटो पुन्हा चढत बसतात. तेव्हा आमचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं; तीन एमबीचा एक फोटो जायला दीड मिनिटाच्या वर लागायचं. आता वेग आहे, तरी फोटो आठशे पिक्सेल रुंदीवर आणूनच चढवा. बघणारा पठारावर उभा राहून मोबाइलवर बघत असेल, तिथं रेंजची बोंब.

आणि 'सिंक्रोनाइझ'. हे बटण सोयीचं आहे, आणि माझा त्याच्यावर अजून राग आहे. दोन्हीकडच्या फाइली ताडून नव्या तेवढ्या पाठवतं. पण त्याच खिडकीत एक चौकोन असतो: आपल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरात नसलेल्या फाइली सर्व्हरवरून काढून टाक. एकदा सायबर कॅफेत बसले होते. पेनड्राइव्हवर साइटचं निम्मंच फोल्डर आणलेलं. चौकोनात खूण केली आणि ओके. आधी पूर्वावलोकनाची यादी येते, प्रत्येक फाइलीपुढे 'डिलीट' लिहिलेलं असतं. मी ती वाचलीच नाही. तासाचे पैसे चालू होते ना! घरी येऊन साइट उघडते तर दोन हंगामांचे फोटो साफ.

बरेचसे एका सीडीवर सापडले. टोपली कारवीचे नव्हते. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. फुलांच्या यादीत तिची ओळ मी तशीच ठेवली, फोटोची जागा रिकामी. पुन्हा फुलली तेव्हा पाऊस असतानाही गेले, फोटो काढले, आणि चढवायच्या आधी घरच्या डिस्कवर, भावाच्या लॅपटॉपवर आणि मावसबहिणीकडे पुण्याला अशा तीन ठिकाणी पाठवले. ती म्हणाली, "मला कशाला? मी तर साइटवर बघेन की." तिला म्हटलं, राहू दे गं.