किशोरींचा गट कसा चालवावा: मुंबईतल्या वस्तीसाठी आणि शाळेसाठी काही सूचना

मुलींसाठी काही करायचे ठरले की बहुतेक मंडळे एखाद्या वक्त्याला बोलावतात, आत्मविश्वासावर तासभर भाषण होते, गुलाबपुष्प देऊन सत्कार होतो आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींना त्यातून फारसे काही मिळत नाही. त्यांना दोन गोष्टींचा सराव हवा असतो: आपल्याविषयी जे दाखवले आणि लिहिले जाते ते बारकाईने तपासण्याचा, आणि पैसे, वेळ व जागा यांबाबतचे निर्णय स्वतः घेण्याचा. वर्षभर चालणारा छोटा गट हा सराव देऊ शकतो. तो कसा उभारावा, हे येथे मांडले आहे.

गटात बारा ते पंधरा मुली असाव्यात. त्याहून जास्त झाल्या की चार बोलतात आणि उरलेल्या ऐकत बसतात. जागेसाठी महापालिकेच्या शाळेतला रिकामा वर्ग, वस्तीतले समाजमंदिर किंवा सोसायटीचे कार्यालय चालेल. गच्ची जूनपासून निरुपयोगी ठरते. वेळ मात्र मोठ्यांनी परस्पर ठरवू नये. सुट्टी म्हणून रविवार सोयीचा वाटतो, पण अनेक घरांत साफसफाई, कपडे आणि धाकट्या भावंडांची सगळी जबाबदारी त्याच दिवशी मुलींवर येते, आणि नळाला पाणी येण्याच्या वेळेला तर त्यांना घराबाहेर पडताच येत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत प्रत्येकीला तिच्या आठवड्याचे वेळापत्रक तासागणिक लिहायला सांगावे. त्याच कागदांवरून बैठकीची वेळ निघते. शिवाय भावाचे वेळापत्रक शेजारी लिहून पाहिले की बोलण्यासारखे बरेच काही आपोआप समोर येते.

पालकांना भेटायला घरी जावे. केवळ आईशी बोलून भागत नाही. वडील आणि आजी यांनाही बैठकीत काय चालणार, किती वाजता संपणार आणि मुलीला घरी सोडायला कोण येणार, हे स्पष्ट सांगावे. मुलींची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या समूहांवर टाकली जाणार नाहीत, ही हमी तेव्हाच द्यावी आणि ती कसोशीने पाळावी. असे एक छायाचित्र भलत्या ठिकाणी पोहोचले, तर निम्मा गट घरी बसेल.

आता मुख्य कामाकडे वळू. ‘समाज स्त्रियांना कसा दाखवतो’ या विषयावर चर्चा ठेवली की मुली पाठ केलेली उत्तरे देतात. त्याऐवजी मोजणी द्यावी. घरोघरची रद्दी गोळा करून दोन आठवड्यांची वृत्तपत्रे समोर ठेवावीत आणि तक्ता आखावा: छायाचित्रात कोण आहे, तिचे नाव छापले आहे का, ती काय करत आहे, तिचे म्हणणे दिले आहे का. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीचे अंक अवश्य जपून ठेवावेत. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा आणि खाली हवेत उड्या मारणाऱ्या मुली हे दृश्य महाराष्ट्राला पाठ झाले आहे. पण त्या मुलींपैकी किती जणींची नावे छापली आहेत आणि त्या पुढे काय शिकणार आहेत याविषयी एक ओळ तरी आहे का, हे मोजल्यावर चर्चेला धार येते. हाच तक्ता विवाहविषयक जाहिरातींना, मालिकांच्या एका आठवड्याला आणि गणेशोत्सवाच्या फलकांनाही लावता येतो. कार्याध्यक्ष आणि खजिनदार म्हणून कोणाची छायाचित्रे आहेत, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाखाली कोणाची नावे आहेत, हे गल्लीतल्या गल्लीत मोजता येते.

पाठ्यपुस्तकांवर एक संपूर्ण बैठक खर्च करावी. २०१७ साली राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातील हुंड्याविषयीच्या मजकुरावर मोठा वाद झाला होता: मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर तिच्या लग्नात अडचण येते आणि वरपक्ष अधिक हुंडा मागतो, असे त्यात कारणमीमांसा म्हणून लिहिले होते. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही भाजी निवडत बसलेले दिसले, तेव्हा त्याचीही बातमी झाली. ही दोन उदाहरणे सांगून प्रत्येकीने आपल्या इयत्तेच्या एका पुस्तकातील चित्रे मोजावीत. चित्रे बदलता येतात आणि ती कोणीतरी बसून ठरवलेली असतात, एवढे मुलींच्या लक्षात आले की त्या पुढचे प्रश्न स्वतःच विचारू लागतात.

इतिहास सांगायचा तर मुंबईचा सांगावा. तो आपल्या घराजवळचा आहे आणि शाळेत फार थोडा येतो. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, हे क्वचितच कोणी सांगते. मला स्वतःला मात्र या वयासाठी रखमाबाईंची हकीकत सर्वांत उपयोगी वाटते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. खटल्याच्या काळात, १८८५ मध्ये, त्यांनी ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. केसरीने त्यांच्यावर कडक टीका केली होती. एका तरुण मुलीविषयी इतरांनी काय लिहिले आणि तिने स्वतः काय लिहिले, हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडले की वृत्तपत्रांच्या मोजणीचा धागा आपसूक जुळतो.

नेतृत्वाचे म्हणाल तर मी भाषणस्पर्धांपेक्षा खजिनदारपदाला अधिक महत्त्व देईन. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ही पदे दर दोन महिन्यांनी फिरती ठेवावीत आणि झेरॉक्स, चहा, प्रवास यांचा खर्च, कितीही किरकोळ असला तरी, मुलींच्याच हाती द्यावा. हिशेब जुळला नाही तर त्यांनीच बैठकीपुढे मांडावा. वर्गाची किल्लीही त्यांच्याकडे असावी. गट चालवणाऱ्या ताईने अधूनमधून एखाद्या बैठकीला मुद्दाम मागच्या बाकावर बसावे आणि विचारल्याखेरीज तोंड उघडू नये. हे बोलायला सोपे आणि करायला फार अवघड आहे, विशेषतः शिक्षिकांना.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गटाने गटाबाहेर एक तरी काम करावे. गल्लीतला बंद दिवा किंवा शाळेच्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडी असा नेमका विषय निवडून विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि ती तारखेनुसार फाईलला लावावी. महापालिकेच्या २२७ जागांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखीव असतात. आपल्या प्रभागातील नगरसेवक किंवा नगरसेविकेची भेट मागण्याचे पत्र मुलींनीच लिहावे. एखादी जाहिरात खटकली असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. ही १९८५ पासून काम करणारी, जाहिरात उद्योगाने स्वतःच उभारलेली संस्था आहे, न्यायालय नव्हे. तरी त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींविषयी २०१४ मध्ये आणि स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाविषयी २०२२ मध्ये तिने मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तक्रारीत जाहिरात कोठे आणि कोणत्या तारखेला पाहिली, तिच्यात नेमके काय दाखवले आहे आणि त्यातले काय आक्षेपार्ह आहे, एवढेच लिहावे. संतापाची विशेषणे गाळावीत.

बैठका रुळल्या की एखादी मुलगी घरातील मारहाणीविषयी किंवा छळाविषयी बोलेल, हे गृहीत धरूनच तयारी ठेवावी. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. शांतपणे ऐकावे, उलटतपासणी घेऊ नये, पुढे काय करणार आहोत हे तिला आधी सांगावे आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घ्यावी. सगळ्या गटासमोर हा विषय वाढवू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे बैठका थांबवाव्यात, पण हजेरीची वही बंद करू नये. एखादी मुलगी यायची थांबली तर आठवड्याच्या आत तिच्या घरी जावे: स्थळे पाहणे सुरू झाले आहे, गावी पाठवायचे ठरले आहे किंवा शाळेचा दाखला काढण्याची बोलणी चालू आहेत, हे लवकर कळले तरच मुख्याध्यापिकांना सोबत घेऊन पालकांशी बोलायला वेळ मिळतो. बारावी झालेल्या मुलींपैकी दोघींना पुढच्या जूनपासून ताईच्या जोडीला घ्यावे, आणि त्यांना प्रवासखर्चासह थोडे मानधन द्यावे.