एप्रिल-मेमध्ये बँकॉकला जाण्यापूर्वी: सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

सोलापूरचे ऊन सोसलेल्या माणसाला बँकॉकच्या उन्हाचे काय, असे म्हणून ज्यांनी उन्हाळी सुट्टीची तिकिटे काढली आहेत किंवा काढण्याच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी ही यादी लिहीत आहे. तिकीट, हॉटेलचे आरक्षण, चार्जर, दाढीचे सामान हे सांगावे लागत नाही. ओआरएसची, म्हणजे आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो त्याची पाकिटे मात्र सांगावी लागतात, कारण ती कोणीच घेत नाही. मागच्या खेपेस माझीही घरीच राहिली होती. बॅग भरायला अजून महिना असला तरी ती आजच आणून बॅगेत टाकावीत.

कारण नीट समजून घ्यावे, नाहीतर आयत्या वेळी बॅगेचे वजन कमी करताना पहिली हीच पाकिटे बाहेर निघतात. सोलापुरात एप्रिलअखेरीस पारा 42-43 अंशांवर जातो, बँकॉकमध्ये तो बहुधा 35-36 वर थांबतो, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून माणूस निर्धास्त होतो. पण आपल्याकडे त्या वेळी हवेतील आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते, तर तिथे भर दुपारीही ती 55-60 टक्के आणि पहाटे त्याहून कितीतरी अधिक असते. माठातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते म्हणून आतले पाणी गार होते, आणि सोलापुरात आपले शरीर नेमक्या याच रीतीने स्वतःला सांभाळत असते. बँकॉकच्या हवेत तो माठ तेवढा गार होत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला सुमारे 24 अंश दाखवतो, तर 36 अंश आणि 55 टक्क्यांना 28 च्या पुढे जातो. घाम येत असताना शरीराला जास्तीत जास्त किती थंड होता येईल याची ती मर्यादा असते, आणि ती बँकॉकमध्ये चार अंशांनी वर असते. रात्रीही पारा 27-28 च्या खाली फारसा उतरत नाही, त्यामुळे गच्चीवर झोपणाऱ्या गावाचे आडाखे तिथे लागू पडत नाहीत.

आपल्याकडे गडद शर्ट घालून दुपारी बाहेर फिरून आले की पाठीवर आणि कॉलरवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि किती क्षार गेले ते डोळ्यांना दिसते. तिथे घाम वाळतच नाही, तो कोपरावरून ठिबकतो आणि कपड्यात मुरतो, पांढरी रेघ कुठेच दिसत नाही. म्हणून माणूस नुसते पाणी पीत राहतो, आणखी पितो, आणि दुसऱ्या दिवशी ‘वात अरुण’ या नदीकाठच्या मंदिराच्या उभ्या पायऱ्यांवर पोटरीत गोळा येऊन खाली बसतो. साधे पाणी कितीही प्यायले तरी गेलेले क्षार भरून निघत नाहीत. म्हणून पाकिटे घ्यावीत.

पाकिटे घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले, एक लिटर पाण्यात विरघळवायचे, सुमारे 20-21 ग्रॅमचे पाकीट मागावे. पेल्यात घालण्याचे, 200 मिलिलिटरचे लहान पाकीटही मिळते. कोणते हातात आहे ते वाचून घ्यावे. मोठे पाकीट तिथल्या 500-600 मिलिलिटरच्या बाटलीत रिकामे केले तर द्रावण दुप्पट तीव्र होते आणि लाभ होण्याऐवजी त्रास होतो, म्हणून घरूनच बरोबर एक लिटरची बाटली न्यावी. छापील वेष्टन फोडून पूड डब्यात किंवा साध्या पिशवीत भरू नये, कारण परदेशातील विमानतळावर पिशवीभर पांढऱ्या पुडीचा खुलासा करत उभे राहण्याची हौस कोणाला नसावी. फळाच्या स्वादाची गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. दर माणशी दिवसाला एक मोठे पाकीट धरून चालावे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे मात्र टाळू नये. तिथल्या औषधांच्या दुकानांतही अशी पाकिटे मिळतात, हे खरे. पण त्यांवरचा मजकूर थाई लिपीत असतो आणि व्यायामानंतर घ्यायची पूड निराळी असते. पोटरी धरून बसलेल्या माणसाने तेव्हा ती लिपी लावत बसावे, अशी अपेक्षा करता येत नाही.

आता तारखा. 13 ते 15 एप्रिल हा थाई नववर्षाचा, सोंगक्रानचा सण असतो. युनेस्कोने 2023 मध्ये त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. त्या दिवसांत सिलोम आणि खाओ सान या रस्त्यांवर अनोळखी माणूसही तुमच्यावर बादली रिकामी करतो आणि त्याला हसूनच उत्तर द्यायचे असते. तो सण पाहायचा असेल तर मोबाइलसाठी जलरोधक पिशवी घ्यावी आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा. पाहायचा नसेल तर तो आठवडा सोडून द्यावा, कारण हॉटेले महागतात आणि अनेक दुकाने बंद असतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बँकॉकच्या अगदी माथ्यावर येतो, सोलापुरात हाच शून्य सावलीचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. मेच्या मध्यापासून तिकडे पावसाळा सुरू होतो आणि दुपारनंतर तासभर धो धो कोसळतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेकांना मेच सोयीचा पडतो. त्यांनी छत्री घ्यावी.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने असावी. नूतनीकरणाचा अर्ज सोलापुरातील टपाल खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून करता येतो, परंतु सुट्टीच्या तोंडावर वेळ मिळणे अवघड होते. भारतीयांना 2024 च्या जुलैपासून 60 दिवसांपर्यंत विनाव्हिसा प्रवेश देण्यात आला होता. अशा सवलती बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशीच थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहावा, मेव्हण्याच्या सांगण्यावर जाऊ नये. 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाआधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य आहे; पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही, एवढे ओळखावे. परतीचे तिकीट, हॉटेलचा कागद आणि पुरेसे पैसे जवळ असल्याचा पुरावा छापून हाताशी ठेवावा.

विमान पुणे, मुंबई किंवा हैदराबाद यांपैकी कुठूनही घेता येते. मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आपली आहेच, पण सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून पुन्हा अंधेरीपर्यंत सामान ओढत जावे लागते. नळदुर्ग-उमरगामार्गे हैदराबादला मोटारीने जाणे कुटुंबाला अधिक सोयीचे पडते, आणि शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर असल्याने गर्दीही टळते. बँकॉकमध्ये सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग असे दोन विमानतळ आहेत आणि ते एकमेकांपासून लांब आहेत. आपले विमान कुठे उतरते आणि परतीचे कुठून सुटते, हे दोन्ही तिकिटांवर स्वतंत्रपणे वाचावे.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या गावाच्या अभिमानाला थोडा आवर घालावा लागेल. सोलापुरी टर्किश टॉवेल बरोबर नेऊ नये. तो आपल्याकडे दोरीवर टाकला की अर्ध्या तासात खडखडीत वाळतो. तिथे हॉटेलच्या न्हाणीघरात रात्रभर टांगला तरी सकाळी तसाच जड आणि ओला हाती येतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास सुटतो. पातळ पंचा न्यावा. जीन्स तर मुळीच नको. सैल, पातळ, पूर्ण लांबीच्या विजारी आणि खांदे झाकणारे सदरे घ्यावेत, कारण राजवाड्यात आणि मंदिरांत गुडघे व खांदे उघडे असलेल्यांना आत सोडत नाहीत. मंदिरात पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत. दर दिवसाला दोन सदरे धरावेत आणि एक उपरणे जवळ ठेवावे. घामाने भिजलेल्या अंगाने स्कायट्रेनच्या डब्यात शिरले की वातानुकूलनाने दात वाजतात.

खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, हे सांगण्याची आवश्यकता नाही. भाकरी स्टीलच्या डब्यात भरावी, नाहीतर चुरा पोहोचतो. चटणी मोठ्या बॅगेत टाकावी. फळे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की नुसत्या भाजीतही माशाचा सॉस घातलेला असतो, तो नको असल्याचे आधीच सांगावे. भारतीय जेवणासाठी गुरुद्वाराजवळचा फाहुरात भाग उत्तम. चटणी-भाकरीत मीठ असतेच, मग पाकिटे कशाला, असे कोणी घरात म्हणेल. त्याला सांगावे की चटणीने तहान वाढते, आणि पाकिटे घ्यावीतच.

दिवसाची आखणी ऊन पाहून करावी. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात असावे आणि अकराच्या आत बाहेर पडावे. तिथल्या पाचूच्या बुद्धमूर्तीचा पोशाख उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असा वर्षातून तीनदा बदलला जातो, त्यामुळे एप्रिलमध्ये मूर्ती उन्हाळी पोशाखात दिसते. राजवाडा आज बंद आहे, असे फाटकाबाहेर गोड बोलून सांगणाऱ्या आणि टुकटुक रिक्षात बसवू पाहणाऱ्या माणसाकडे लक्ष न देता सरळ फाटकापर्यंत चालत जावे. जवळच्या वात फो मंदिरात 46 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती छताखाली आहे, ती त्यानंतर पाहावी. दुपार संग्रहालयात किंवा मॉलमध्ये काढावी, आणि संध्याकाळी था तिएन धक्क्यावरून होडीने पलीकडे वात अरुणला जावे. लिटरची बाटली सकाळी हॉटेलातच बाटलीबंद पाण्याने भरून, पाकीट घालून, मग खोलीला कुलूप लावावे. नळाचे पाणी नको, आणि काल केलेले द्रावण उरले असेल तर ओतून टाकावे.

बाकीचे थोडक्यात. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आणि रुग्णवाहिकेचा 1669 आहे, दोन्ही मोबाइलमध्ये साठवावेत. भारतीय दूतावास सुखुमवित भागात आहे. घड्याळ दीड तास पुढे करावे. आपला मोठा तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. ई-सिगारेट नेऊ नये, तिथे त्यावर बंदी आहे. नेहमीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. थोडे बाथ, म्हणजे थाई चलन, रोख असावेत.

परतीसाठी पुणे किंवा मुंबईहून सोलापूरच्या गाडीचे आरक्षण करताना विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत किमान पाच-सहा तास ठेवावेत, आणि सुट्टीतील गर्दी पाहता हे आरक्षण विमानाचे तिकीट काढले त्याच आठवड्यात करून टाकावे.