पाझर तलावाची भिंत कशी बघायची

मी 33 वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामात काढली. आता पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी असतो. गावच्या नळपाणी योजनेची विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आहे आणि तिच्या पुढे ओढ्याकाठी सत्तावीस घरं आहेत. मे महिन्यात एकदा आणि तलाव भरल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा मी भिंतीवर जातो. सोबत दोन तरुण पोरं घेतो, कारण माझ्यानंतर हे कुणाला तरी आलं पाहिजे. त्यांना जे दाखवतो तेच इथं लिहितोय.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात, 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर येतात. त्यांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं बंधनकारक आहे. आपल्या गावोगावच्या मातीच्या बंधाऱ्यांतले कितीतरी या मापात बसत नाहीत. त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं तर ते खाली राहणाऱ्यांनीच ठेवायचं.

सोबत घ्यायला फार काही लागत नाही. मोजपट्टी, कोयता, मूठभर खुंट्या, चुन्याची पिशवी, काचेची स्वच्छ बाटली, 15 लिटरची बादली आणि शंभर पानी वही. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी मिळाली तर फार उत्तम. जायचं सकाळी लवकर. ऊन तिरपं असताना भिंतीवरचे खळगे सावलीमुळे दिसतात, दुपारी तेच सपाट वाटतात.

आधी एक खूण पक्की करा. पाण्याकडे पाठ करून, ओढा जिकडे वाहतो तिकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला डावा तीर. वहीत प्रत्येक गोष्ट ‘डाव्या तीरापासून इतके मीटर’ अशीच लिहायची. ‘वडाच्या झाडाजवळ’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षी वड असेलच असं नाही.

माथ्यावरून सुरुवात करा. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जाऊन जाऊन माथा कुठंतरी बसलेला असतो. दर दहा मीटरवर नळी लावून उंची बघा. पूर आला की पाणी सगळ्या भिंतीवरून एकदम जात नाही, ते सगळ्यात खोलगट जागा शोधतं. मातीच्या भिंतीवरून एकदा पाणी वाहायला लागलं की ती कापत जाते.

मग भेगा. काळी माती उन्हाळ्यात तडकते, त्यामुळे माथ्यावर बारीक जाळी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. भिंतीच्या लांबीला समांतर भेग असेल तर उतार सरकतोय का ते बघायचं. तिची एक बाजू खाली बसली असेल तर लगेच कळवायचं. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आडव्या भेगेची, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणाऱ्या. ती पाण्याला सरळ वाट देते. दोन्ही टोकांना खुंटी ठोका आणि तारीख लिहा. पंधरा दिवसांनी भेग खुंटीच्या पुढे गेली असेल तर ती वाढतेय. किती खोल आहे हे बघायला अभियंते भेगेत पातळ चुना ओततात आणि शेजारी खणून पांढरी रेघ कुठवर गेली ते बघतात. ते खणणं त्यांच्यावर सोडा, तुम्ही खुंट्या ठोका.

झाडांवरून गावात दरवेळी वाद होतो. भिंतीवर बाभूळ आणि सुबाभूळ आपोआप उगवते, सावली देते, कुणाला तोडवत नाही. पण ते झाड मेलं की मुळं कुजतात आणि मातीत पोकळ नळ्या राहतात. अंगठ्याएवढं जाड असतानाच ते काढा. मोठं झालेलं झाड मात्र मुळासकट उपटू नका. त्यानं भिंतीला भगदाड पडतं. ते काय करायचं हे अभियंत्याला विचारूनच ठरवा. घुशींची आणि खेकड्यांची बिळं दिसली की जागा आणि रुंदी वहीत घ्या.

आता खालचा पायथा. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. भर उन्हाळ्यात एखाद्याच ठिकाणी हिरवंगार गवत किंवा लव्हाळं दिसलं तर तिथं ओल आहे. पाझर तलाव पाझरण्यासाठीच बांधलेला असतो, पण त्यानं तळातून पाझरायचं असतं, भिंतीतून नाही. पायथ्याच्या दगडी भागातून आणि चरातून थोडं निवळ पाणी येणं ठीक असतं, त्यासाठीच ती व्यवस्था असते. ते पाणी बाटलीत भरून उजेडात धरा. मग बादली लावून वेळ मोजा. 15 लिटरची बादली 30 सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. त्या दिवशी तलावात पाणी किती होतं तेही शेजारी लिहा. तलावातली पातळी तीच आणि पाझर मात्र वाढलेला, असं झालं की भिंतीच्या आत काहीतरी बदललंय.

नोकरीत असताना एका तलावावर मी अशी ओल दोन आठवडे नुसती बघत होतो. पाणी निवळ होतं, म्हणून निर्धास्त होतो. एका सकाळी मेंढ्या घेऊन आलेला धनगर म्हणाला, “साहेब, कालपर्यंत पाणी निवळ होतं, आज चहावानी आलंय.” ते गढूळपण म्हणजे भिंतीची माती होती, कणाकणानं बाहेर चाललेली. पाणी बाहेर येतंय एवढ्यानं धरण जात नाही, पाण्याबरोबर माती यायला लागली की जातं. त्या रात्री आम्ही पाण्याच्या तोंडावर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर दगड असे थर दिले. पाणी येत राहिलं, पण निवळ झालं. मजूर तिथं चिकणमाती ठोकायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं. कोरड्या बाजूनं तोंड बुजवलं की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. हे थर देण्याचं काम जाणकार माणूस उभा असल्याशिवाय करू नका. पण माती ठोकू देऊ नका, एवढं तरी नक्की करा.

विमोचकाची, म्हणजे तलावातलं पाणी बाहेर सोडायची, मोरी भिंतीच्या पोटातून जाते, म्हणून तिच्या आजूबाजूची जागा हातानं चाचपून बघा. 1961 मध्ये पानशेतला मोरीचं काम अपुरं असताना पावसाळा आला, मोरीवरची भिंत खचत गेली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी 12 जुलैच्या सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खडकवासला फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला.

सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट. त्याबद्दल मी गावात कठोर बोलतो. पाणी थोडं जास्त साठावं म्हणून सांडव्यावर गोण्या रचतात, मासे अडवायला जाळी बांधतात, सांडव्याच्या चरात कांदा लावतात. गोण्यांनी एक फूट पाणी वाढवलं म्हणजे पुरासाठी राखलेली एक फूट उंची खाल्ली. 11 ऑगस्ट 1979 ला गुजरातेत मच्छू धरणाच्या सांडव्याला पूर झेपला नाही, पाणी मातीच्या भिंतींवरून गेलं आणि मोरबी शहर वाहून गेलं. जूनच्या आत सांडवा झाडून मोकळा करा. ज्याचा कांदा असेल त्याच्या घरी आधी जाऊन बोला, सरळ सभेत त्याचं नाव घेऊ नका.

सापडलेलं कळवताना ‘तलावाला गळती आहे’ एवढंच लिहिलं तर अर्ज फायलीत पडून राहतो. असं लिहा: ‘डाव्या तीरापासून 140 मीटरवर, पायथ्यापासून 2 मीटर वर ओल आहे. 3 तारखेला बादली 40 सेकंदांत भरली, 17 तारखेला 25 सेकंदांत. पाणी निवळ.’ सोबत फोटो जोडा आणि फोटोत मोजपट्टी दिसू द्या. तलाव जिल्हा परिषदेचा आहे, मृद व जलसंधारणाचा की जलसंपदेचा, हे ग्रामसेवकाकडून आधीच विचारून ठेवा. ग्रामसभेचा ठराव जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. चिपळूणजवळ तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं आणि भेंदवाडीची घरं माणसांसकट गेली. ते आठवलं की पोच मागायला मला संकोच वाटत नाही.

गढूळ पाण्याचा झरा जोर धरायला लागला, तलावात भिंतीलगत भोवरा दिसला, माथा खचला किंवा पाणी माथ्याला टेकलं, तर वही बंद करा. आधी ओढ्याकाठची घरं रिकामी करा, मग जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर आणि 112 ला फोन लावा. भिंतीवर बघ्यांना उभं राहू देऊ नका. पाणी सोडण्यासाठी कुणी भिंतीला चर पाडायला निघालं तर अडवा. उंचावरची जागा आधीच ठरलेली हवी. आमच्याकडे ती शाळेमागची टेकडी आहे. म्हातारी माणसं कुठल्या घरात आहेत आणि त्यांना कोण उचलणार, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय. त्या पानाची एक प्रत अंगणवाडीत लावलीय, एक पाणी सोडणाऱ्या पोराच्या खिशात असते.