मशीनवर गोधडी शिवण्याआधी बॉबिनची तयारी

मशीनवर गोधडी शिवायला बसण्याच्या आदल्या संध्याकाळी निदान अर्धा तास बॉबिनसाठी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळासाठी, राखून ठेवावा. वरचा दोरा डोळ्यांदेखत रिळातून उलगडत असतो. खालचा मात्र सरकत्या पट्टीखाली, शटल नावाच्या भागात दडलेला असतो आणि तो संपल्याचे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवताना माझ्या हातून हेच घडले. टीप सरळ पडते आहे अशा समजुतीने मी हातभर पुढे गेले आणि उलटून पाहिले तर खाली टाकाच नव्हता. वरचा दोरा नुसता कापडावर पडला होता, टोक धरून ओढताच सबंध निघून आला आणि विरलेल्या सुतावर सुईच्या भोकांची रांग तेवढी उरली.

म्हणून आधी हिशेब करावा. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडीवर दोन-दोन इंचांवर उभ्या टिपा घातल्या तर साधारण ३० ओळी होतात, म्हणजे २१० फूट, सुमारे ६४ मीटर शिवण. खालचा दोरा शिवणीच्या लांबीपेक्षा नेहमीच जास्त लागतो आणि जाड थरांत तो दीडपट धरलेला बरा, म्हणजे काठाची टीप सोडूनही सुमारे ९६ मीटर. एवढा दोरा एका बॉबिनवर मावत नाही. तीन बॉबिन आधीच भरून ठेवाव्यात, आणि पहिली कितव्या ओळीला संपली हे खडूने कापडाच्या कडेला लिहावे, म्हणजे पुढचा अंदाज चुकत नाही.

भरण्यापूर्वी प्रत्येक रिकामी बॉबिन बोटांत फिरवून पाहावी. पावसाळ्यात स्टीलच्या बॉबिनला गंज धरतो, खाली पडून कड वाकते आणि त्या बारीक धारेवर दोरा तुटतो. अशी बॉबिन सरळ बाजूला काढावी. जुना दोराही वीतभर तोडून दोन्ही हातांनी झटकून पाहावा, कारण दमट हवेत पडून राहिलेला सुती दोरा न कुरकुरता तुटतो.

भरण्याच्या कामात घाई अजिबात करू नये. हातचाकाच्या मधला स्क्रू सैल केला की पायडल मारताना सुई हलत नाही. दोरा ताणाच्या छोट्या चकतीतून नेलाच पाहिजे, कारण रिळावरून थेट गुंडाळलेला दोरा भुसभुशीत बसतो, वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि शिवताना मध्येच अडकून झटके देतात. सुरुवातीचे टोक बॉबिनच्या भोकातून बाहेर धरावे आणि दहाबारा वेढे बसल्यावर अगदी कडेला कापावे. वेढे सपाट, एकसारखे पडावेत आणि काठाच्या खाली थोडी जागा उरावी, कारण काठोकाठ भरलेली बॉबिन तिच्या डबीत, म्हणजे बॉबिन केसमध्ये, मोकळी फिरत नाही. पॉलिस्टर दोरा सावकाश भरावा. वेगात ताणून भरलेला दोरा शिवल्यावर आखडतो आणि टीप चुण्या धरते.

एलायस हाऊ यांनी १८४६ साली पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये खालचा दोरा हातमागाच्या धोट्यासारख्या शटलमधून ये-जा करत असे, आणि शटल हे नाव अजून टिकले आहे. मागावर धोट्यातल्या दोऱ्याच्या कांडीचे जे काम, तेच इथे बॉबिनचे, आणि सैल भरलेल्या कांडीचा दोष कापडात उतरतो हे सोलापूर-इचलकरंजीकडच्या विणकरांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता बॉबिन केस. तिच्या पातळ पट्टीखाली साचलेला कापसाचा भुगा जाड कागदाची कड सरकवून काढावा, शटलची खाच ब्रशने झाडावी, तेलाचा एक थेंब सोडावा आणि चिंधीवर मशीन चालवून जास्तीचे तेल टिपून घ्यावे. मग भरलेली बॉबिन बसवून, दोरा पट्टीखाली ओढून, केस दोऱ्याला लटकती धरावी आणि हाताला हलकासा झटका द्यावा. ती इंच-दोन इंच खाली येऊन थांबली तर ताण योग्य. घसरत राहिली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. पट्टीवरचा बारीक स्क्रू फिरवायचाच असेल तर पाव फेऱ्याहून कमी फिरवावा आणि आधी त्याची खाच कुठे होती ते लिहून ठेवावे.

खाली दोऱ्याचा गुंता झाला की दोष बॉबिनलाच दिला जातो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. म्हणून कापड दाबणारा पाय वर उचलूनच वरचा दोरा ओवावा. त्यानंतर गोधडीच्या त्याच थरांच्या तुकड्यावर, वर तांबडा आणि खाली पांढरा दोरा घेऊन, १६ नंबरच्या सुईने चाचणीची टीप घालावी. पांढरे ठिपके वर दिसले तर वरचा ताण थोडा सैल करावा, तांबडे खाली दिसले तर घट्ट करावा. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या मध्ये लपेपर्यंत खरी गोधडी मशीनवर घेऊ नये.

प्रत्यक्ष शिवताना प्रत्येक लांब ओळीआधी केस काढून आत पाहावे. बॉबिनवर थोडेच वेढे उरले असतील तर ती काठाच्या छोट्या तुकड्यांसाठी बाजूला ठेवावी आणि ओळ नव्या भरलेल्या बॉबिनने सुरू करावी, खालचा दोरा हातचाक आपल्याकडे फिरवून वर काढावा आणि दोन्ही टोके चार बोटे मागे धरून पहिला टाका घालावा.